न पाहिलेला वाघ आणि रोजची कोंबडी: जपानी शाईचित्रांतले प्राणी

ओली_शाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. क्योतोत राहायला येऊन सात वर्षं झाली. त्यातली चार वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी घराजवळच्या एका छोट्या वर्गात शाईचित्रं शिकायला जाते. आमच्या बाई ऐंशीच्या घरातल्या आहेत आणि फार कमी बोलतात. पहिली दोन वर्षं त्यांनी फक्त बांबू आणि गवत काढून घेतलं. प्राणी आला तिसऱ्या वर्षी, आणि तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. ती इथे मांडते.

मागच्या महिन्यात कुशिमोतोला गेले होते. वाकायामा प्रांतात, किई नावाच्या द्वीपकल्पाच्या पार दक्षिण टोकाला समुद्रकाठचं गाव. तिथे मुर्योजी नावाचं देऊळ आहे. 1707 च्या भूकंपानंतर आलेल्या त्सुनामीत ते वाहून गेलं आणि पुन्हा उभं राहायला 1786 साल उजाडलं. देवळाच्या मुख्य भिक्षूंची मारुयामा ओक्यो या क्योतोतल्या नामांकित चित्रकाराशी जुनी मैत्री. ओक्योला स्वतःला येणं जमलं नाही, म्हणून त्याने आपल्या शिष्याला, नागासावा रोसेत्सुला पाठवलं. रोसेत्सु तेव्हा बत्तीस-तेहतीस वर्षांचा. त्याने तिथल्या सरकत्या दारांवर एका बाजूला ड्रॅगन आणि समोरच्या बाजूला वाघ काढला.

तो वाघ पाहिला आणि पाय तिथेच थबकले. तीन दारं व्यापून बसलाय. मान खाली, पुढचे पंजे अंगाच्या मानाने मोठे, शेपटी जाडजूड. आत्ता उडी घेईल असं वाटतं. आणि तरीही, बघता बघता जाणवतं की हे मांजर आहे. अगदी आपल्या ओट्याखाली दबा धरून बसतं तसं.

जपानच्या रानात वाघ नाही. रोसेत्सुने जिवंत वाघ पाहिलेला नव्हता, त्याच्या गुरूनेही नाही. त्यांच्यापुढे काय होतं? चीन-कोरियाहून आलेली चित्रं, व्यापारातून आलेली वाघाची कातडी, आणि घरातली मांजर. बिबट्याला तर तेव्हा वाघाची मादी समजत. क्योतोच्या निजो किल्ल्यातल्या सोनेरी भिंतींवर वाघ-बिबटे एकाच कळपात फिरताना दिसतात ते म्हणूनच.

आता मुर्योजीतली दुसरी गंमत सांगते. त्याच दारांच्या मागच्या बाजूला रोसेत्सुनेच पाण्याकाठी बसलेलं मांजर काढलंय, आणि ते पाण्यातल्या माशांवर टपलंय. काही जाणकार म्हणतात की पुढचा वाघ म्हणजे त्या माशाला दिसणारं मांजर. मला हे फार पटतं. मांजर वाघाएवढं कोणाला दिसेल? ज्याला ते खाणार आहे त्यालाच.

याच्या अगदी उलट टोकाला इतो जाकुचू (1716–1800). निशिकी बाजारातल्या भाजीच्या ठोक व्यापाऱ्याचा मुलगा. चाळिशीत दुकान भावावर सोपवलं आणि चित्रांना वाहून घेतलं. त्याने अंगणात कोंबड्या पाळल्या आणि काढायला बसण्याआधी त्या किती काळ नुसत्या बघितल्या! त्याची रंगीत कोंबड्यांची चित्रं जगभर गाजली, पण मला त्याचे शाईतले कोंबडे जास्त प्रिय आहेत. शेपटीचं एक पीस म्हणजे कुंचल्याचा एकच झोत. मनगट कुठे वळलं, कुठे थांबलं, सगळं कागदावर दिसतं. आजही रात्री निशिकी बाजारातली दुकानं बंद झाली की खाली ओढलेल्या शटरांवर जाकुचूची चित्रं दिसतात. वर्गातून येताना मी मुद्दाम त्या बाजाराने येते.

एकाने कधीच न पाहिलेला प्राणी काढला, दुसऱ्याने रोज पाहिलेला. दोन्ही जिवंत. हे कसं होतं? तुम्ही पाहिलेली चित्रं, तुमचे अनुभव, सगळं वाचायला आवडेल. आणि ज्यांनी रानात वाघ पाहिलाय त्यांनी तर जरूर लिहा.

ताडोबाकर

ताई, वाघाचं विचारलंत म्हणून लिहितोय. चित्रकलेतलं मला काही कळत नाही. चंद्रपूरचा आहे, वीसेक वर्षं जंगलात जाणं-येणं आहे.

तुमच्या वाघाचा फोटो शोधून पाहिला. आधी चुका सांगतो. पंजे मोठे आहेत हे तुम्ही लिहिलंच. तोंडाचा भाग वाघाला जास्त लांब आणि जड असतो, इथे आखूड आहे. डोळ्यांचं म्हणाल तर तुम्ही त्या काळातले बाकीचे जपानी वाघ बघा, कित्येकांच्या बाहुल्या उभ्या चिरेसारख्या दिसतात. ते मांजराचं. वाघाची बाहुली गोल असते, भर उन्हात बारीक झाली तरी गोलच.

पण बसण्याची ढब बरोबर आहे. वाघ दबा धरतो तेव्हा डोकं खांद्यांच्या खाली जातं आणि खांद्याची हाडं पाठीच्या वर येतात. पाणवठ्यावर चितळांसमोर हे मी पाहिलंय. मांजर आणि वाघ या एका बाबतीत सारखेच. त्यामुळे त्या माणसाने मांजर नीट पाहिलं असेल तर वाघाचा अर्धा भाग त्याला मिळालाच.

ओली_शाई

काका, तुमच्या प्रतिसादासाठीच धागा काढला असं वाटलं. डोळ्यांच्या चुकीचं कारणही तुमच्या बोलण्यातून उलगडलं. ओक्योकडे अस्सल कातडं होतं, त्यामुळे पट्टे, केसांची दिशा, पोटाखालचा पांढरा भाग हे सगळं त्याला मोजूनमापून काढता आलं. पण कातड्यात डोळे नसतात. खांदेही नसतात. मग डोळे मांजराकडून आले आणि खांदेही मांजराकडून. खांदे जुळले, डोळे चुकले.

पर्वतीपायथा

सुंदर धागा. एक समांतर गोष्ट आठवली. रोसेत्सुने न पाहिलेला वाघ काढला 1786 मध्ये. जवळपास तेव्हाच, 1790 मध्ये, आपल्या पुण्यात गंगाराम तांबट पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढत होते, प्राणी समोर ठेवून. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांच्यासाठी त्यांनी बरंच काम केलं. ती चित्रं आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. कातडीच्या घड्या, पायांची नखं, सगळं निरखून काढलंय. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघावीत असं वाटतं.

आणि ओली_शाई, जपानात हत्ती कधी आला होता का? आमच्याकडे तर देवळादेवळांत कोरलेला.

ओली_शाई

आला होता! 1728 मध्ये व्हिएतनामहून नागासाकीला नर-मादी उतरवले. मादी तिथेच दगावली. नराला पुढच्या वर्षी पायी चालवत क्योतोमार्गे एदोपर्यंत, म्हणजे आजच्या टोकियोपर्यंत नेलं. वाटेत बघ्यांची झुंबड. क्योतोत सम्राटासमोर आणलं तेव्हा त्याला दरबारी मानाचा दर्जाही दिला असं सांगतात. जाकुचू तेव्हा तेरा वर्षांचा होता आणि क्योतोतच होता. त्याने तो पाहिला असावा असा पुष्कळांचा कयास आहे.

पुढे ऐंशी ओलांडल्यावर त्याने सहा-सहा पाखांच्या दोन पडद्यांची जोडी काढली. एकीवर पांढरा हत्ती, दुसरीवर काळा देवमासा. हत्तीचा कान पाहिलात तर हसाल, डोक्याला बशी चिकटवल्यासारखा. पण सोंड वर करून बसलेला तो पांढरा डोंगर आणि समोर पाठीचा काळा डोंगर काढून फवारा उडवणारा देवमासा, एक जमिनीवरचा सगळ्यात मोठा, एक पाण्यातला. ती जोडी आता मिहो म्युझियममध्ये आहे, शिगा प्रांतात.

सहाणखोड

चित्रकला शिक्षक आहे, सांगलीकडे. मुलांना जलरंग शिकवतो. मला तंत्राबद्दल जाणून घ्यायचंय. एका रंगात कोंबडीचं पांढरं पीस आणि काळं पीस वेगळं कसं दाखवतात? आणि चूक झाली तर काय?

ओली_शाई

सर, चूक झाली तर नवा कागद. त्याला दुसरा इलाज नाही. कागद इतका शोषतो की रेघ एकदा टेकली की टेकली. खोडता येत नाही, वरून फिरवलं तर तेही दिसतं.

सुरुवात उगाळण्यापासून. तुमचं सदस्यनाम वाचून बरं वाटलं, कारण सुझुरी म्हणजे आपली सहाणच. दगडाला एका टोकाला खोलगट भाग, तिथे थोडं पाणी. शाईची कांडी, तिला सुमी म्हणतात, गंध उगाळतो तशी गोल गोल, जोर न लावता उगाळायची. बाई म्हणतात, आजारी माणसाच्या हाताने उगाळा. दहा-पंधरा मिनिटं जातात आणि तेवढ्यात हातही शांत होतो.

मग कुंचला आधी पाण्यात, मग फिक्या शाईत, मग टोकाला तेवढी गडद शाई. कुंचला आडवा टेकवला की एकाच फटकाऱ्यात गडद ते फिकं असा पूर्ण उतार उमटतो. कावळ्याचा पंख अशा तीन फटकाऱ्यांत होतो. होतो म्हणजे बाईंच्या हातून होतो. मी दीडशेच्या वर कागद संपवले तेव्हा कुठे एका पंखाकडे बघून त्यांनी मान हलवली.

पांढऱ्या पिसाचं विचारलंत ते जाकुचूचं खास काम आहे. त्याला सुजिमेगाकी म्हणतात. शोषणाऱ्या कागदावर फिक्या शाईचा एक फटकारा मारला आणि लगेच त्याला खेटून दुसरा मारला, तर दोघांच्या मधे केसाएवढी पांढरी रेघ राहते. शाईच्या कडा एकमेकींत मिसळत नाहीत. त्याने ही न काढलेली रेघ वापरून माशांचे खवले, पिसांच्या कडा, शेवंतीच्या पाकळ्या दाखवल्या.

आणखी एक पद्धत आहे, ओल्यात ओलं सोडण्याची. तावाराया सोतात्सु यात उस्ताद. फिकी शाई ओली असतानाच तिच्यात गडद थेंब सोडायचा आणि तो पसरेल तसा पसरू द्यायचा. क्योतोच्या चोम्योजी देवळाचा त्याचा बैल असा आहे. बाह्यरेघ जवळजवळ नाहीच. शाईची डबकी वाळली आणि त्यांतूनच मांड्या, खांदे, गळ्याखालची पोळी तयार झाली.

निळी_दौत

सुमी कशाची बनते? आजोबा काजळी आणि डिंक घोटून शाई करायचे, बोरूने लिहायचे. त्याच्यासारखंच का?

ओली_शाई

काजळी तीच. पाइनच्या लाकडाची किंवा तिळासारख्या तेलाच्या दिव्याची. फरक चिकटवणाऱ्या पदार्थात आहे. आपल्याकडे डिंक, इथे सरस. हो, सुतारकामातला सरस, जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला. उष्णतेत सरस नासतो म्हणून नारा शहरातले कारागीर सुमी थंडीतच बनवतात, हातापायांनी मळून. सरसाचा वास झाकायला कापरासारखं सुगंधी द्रव्य घालतात. कांडी उगाळली की जो गंध येतो तो त्याचाच.

कुंचल्यात बकरी, कोल्हिणीएवढ्या तानुकी नावाच्या प्राण्याचे केस, मुंगसासारखा दिसणारा वीझल, घोडा, हरीण. मऊ पंखासाठी बकरी, कडक मिशीसाठी वीझल. म्हणजे कागदावर ससा उमटायच्या आधी हातात चार जनावरं असतात. हे कळल्यापासून कुंचला धुताना माझा हात हळू चालतो.

खिल्लार

तो सोतात्सुचा बैल बघितला. आम्ही बैलवाले. पहिली गोष्ट नजरेत आली ती म्हणजे वशिंड नाही! मला आधी वाटलं चित्रकार विसरला. मग लक्षात आलं, तिकडच्या जातीला वशिंड नसतंच. पण ती मान वळवून खाली दाबलेली आहे ना, त्यात सगळा जोर दिसतो. पोळ्याला रंगवलेले बैल बघायची सवय, हा नुसता काळा ओला बैल बघून कसंसंच झालं. भिजून आल्यासारखा दिसतोय.

माळढोक

पक्ष्यांवर कोणीच कसं बोललं नाही? माझं आवडतं चित्र मियामोतो मुसाशीचं. तोच, दोन तलवारींचा मुसाशी, 1645 मध्ये वारला. वाळकी फांदी, तळापासून वर जाणारी, एकाच झटक्यात ओढलेली. शेंड्यावर खाटीक पक्षी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: खाटीक छोटासाच असतो, पण नाकतोडे, पाली, सरडे पकडून काट्यावर टोचून ठेवतो. मराठी नाव त्यावरूनच पडलंय. जपानी लोकांनाही त्याची ही सवय चांगलीच माहीत, टोचलेल्या भक्ष्याला तिथे वेगळा शब्दच आहे.

आता खरी गोष्ट. त्या फांदीवर मध्यावर एक अळी आहे. वर चढतेय. पहिल्या वेळी मला ती दिसलीच नाही. दिसल्यावर पुन्हा नजर वर गेली तर पक्ष्याची मान दुसरीकडे. त्याला ठाऊक आहे की नाही? मूळ चित्र ओसाकाजवळ इझुमी शहरातल्या कुबोसो संग्रहालयात आहे. कधी योग येतो बघू.

कावळ्यांबद्दल कोणी सांगेल का? जपानी कावळा आपल्या डोमकावळ्याचा भाऊबंद आहे, म्हणून विशेष उत्सुकता.

ओली_शाई

माळढोक, कावळ्यांच्या दोन गोष्टी. योसा बुसोन, हायकूवाला, तोही 1716 चाच, जाकुचूच्या वयाचा. त्याच्या एका चित्रजोडीत एकीकडे वादळात झाडाला धरून बसलेली घार आहे, दुसरीकडे बर्फात एकमेकांना चिकटून बसलेले दोन कावळे. बर्फ म्हणजे न रंगवलेला कागद. कावळ्यांच्या अंगावरही तो पडतोय.

दुसरी कावानाबे क्योसाईची (1831–1889). 1881 च्या सरकारी प्रदर्शनात त्याने वाळक्या फांदीवरचा एकच कावळा मांडला आणि किंमत लावली 100 येन. त्या काळात ती फार मोठी रक्कम. एका कावळ्याला एवढे पैसे, म्हणून ओरड झाली. त्याचं उत्तर असं की ही किंमत कावळ्याची नाही, तो काढायला शिकण्यात गेलेल्या वर्षांची आहे. टोकियोतल्या एका मिठाईवाल्याने तेवढे पैसे मोजून चित्र घेतलं.

काशीयात्रा

माकडांचा विषय काढतो. जपानी चित्रांत लांब हातांची, गोल तोंडाची माकडं दिसतात, ती जपानची नव्हेत. ते गिबन. जपानचं माकड लाल तोंडाचं, आखूड शेपटीचं. गिबन आले चीनमधून, आणि तेही चित्रातून. तेराव्या शतकातला चिनी भिक्षू मूची, जपानी लोक त्याला मोक्केई म्हणतात. त्याची तीन चित्रं क्योतोच्या दाइतोकुजी देवळात आहेत: मधे पांढऱ्या वस्त्रातली अवलोकितेश्वराची मूर्ती, एका बाजूला सारस, दुसऱ्या बाजूला फांदीवर पिल्लाला कवटाळून बसलेली गिबन माता. हासेगावा तोहाकु (1539–1610) याच्यावर त्या चित्रांची गाढ छाप होती.

तोहाकुनेच कोन्चीइन या देवळात पाण्यातल्या चंद्राकडे हात लांबवणारा गिबन काढलाय. ही गोष्ट आपल्याकडची आहे! महासांघिक या जुन्या बौद्ध पंथाच्या विनयग्रंथात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात येते, ग्रंथ आता चिनी भाषांतरात उरलाय. वाराणसीजवळ झाडाखाली विहीर. माकडांच्या म्होरक्याला विहिरीत चंद्र दिसतो. त्याला वाटतं चंद्र बुडाला, आता जग अंधारात जाईल. मग तो फांदी धरतो, दुसरा त्याची शेपटी, तिसरा दुसऱ्याची. फांदी मोडते.

ओली_शाई

काशीयात्रा, हे वाचून मी उठून चित्राचं पुस्तक काढलं. गिबनला शेपटी नसते! म्हणजे गोष्ट चीनमार्गे जपानला पोचेपर्यंत शेपट्यांची साखळी गळून पडली. उरला एक जण, एका हाताने फांदी धरलेला आणि दुसरा हात पाण्याकडे. एवढा लांब हात असल्यावर साखळी लागतेच कशाला? आणि तो हात पाण्याला टेकलेला नाही. मधे कोरा कागद आहे.

पर्वतीपायथा

सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान सगळ्यांना माहीत आहे. ते ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलंय, पुणे-ओकायामा मैत्रीची खूण. त्याच ओकायामा प्रांतात, सोजा गावी होफुकुजी देवळात चित्रकार सेश्शू (1420–1506) लहानपणी शिकायला होता, ही गोष्ट जपानी मित्राने सांगितली. पोरगा पाठ सोडून चित्रं काढतो म्हणून गुरूने खांबाला बांधलं. संध्याकाळी येऊन बघतो तर पायाशी उंदीर. हाकलायला गेले तर हलेना. पोराने पायाच्या अंगठ्याने, जमिनीवर सांडलेल्या आसवांनी काढलेला.

दंतकथाच असणार, सेश्शूनंतर दोनेकशे वर्षांनी लिहिली गेलेली. पण माझी नात दर रविवारी त्या बागेत गेलं की हीच गोष्ट पुन्हा सांगायला लावते.

निळी_दौत

ससा-बेडकांची जुनी गुंडाळी राहिलीच की. तिलाच जगातली पहिली मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, म्हणतात ना?

ओली_शाई

चोजू-गिगा. क्योतोच्या डोंगरातल्या कोझानजी देवळाची, बाराव्या-तेराव्या शतकातली. एक नव्हे, चार गुंडाळ्या आहेत आणि चारही वेगवेगळ्या स्वभावाच्या. प्रसिद्ध आहे ती पहिली: ससे, बेडूक, माकडं नदीत डुंबतात, नेमबाजी करतात, कुस्ती खेळतात. कुस्तीत बेडूक सशाचा कान चावतो आणि मग त्याला आडवा करतो. पुढे केळीच्या पानासमोर बेडूकच बुद्ध होऊन बसलाय आणि माकड पुरोहित होऊन मंत्र म्हणतंय. मंत्र तोंडातून रेघांच्या रूपात बाहेर पडताना दिसतात.

मांगाची आजी म्हणणं मला पटत नाही. एका अक्षराचाही मजकूर नाही. कोणी काढलं, कशासाठी, सांगता येत नाही. तोबा सोजो या भिक्षूचं नाव परंपरेने घेतात, पण अभ्यासक आता ते मानत नाहीत. आठशे वर्षांच्या मधल्या सगळ्या चित्रकारांवरून उडी मारून आजच्या मासिकांशी धागा जोडला की त्या बेडकांवर अन्याय होतो. त्यांच्याकडे बेडूक म्हणूनच बघावं. मांड्या बघा, पाठीचा बाक बघा. तो माणूस शेताच्या बांधावर तासन्तास बसलेला असणार. बेडूक दोन पायांवर उभा केलाय, तरी बेडूकपण सुटलेलं नाही. 2021 मध्ये टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात चारही गुंडाळ्या पहिल्यापासून शेवटपर्यंत उलगडून मांडल्या होत्या. पहिलीसमोर सरकता पट्टा बसवला होता, त्यावर उभं राहून पुढे सरकत बघायचं. मी दोनदा गेले.

बेडकाचंच निघालंय तर हाकाताचा झेन भिक्षू सेन्गाई (1750–1837) याचाही एक सांगते. चार-पाच रेघांत बसलेला बेडूक, ओठ किंचित वर. शेजारी लिहिलंय: ध्यानाला बसून माणूस बुद्ध होत असेल तर... वाक्य तिथेच सोडलंय. बेडूक तर जन्मभर बसलेलाच असतो.

ताडोबाकर

ताई, परवा मोहर्लीजवळ एक वाघीण दिसली. तुमचा धागा डोक्यात होता म्हणून या वेळी कॅमेरा खाली ठेवला आणि नुसतं बघितलं. पट्टे जवळून जितके उठून दिसतात तितके गवतात अजिबात दिसत नाहीत. ती वाळल्या गवतात शिरली आणि चार पावलांत गायब. राहिलं काय तर कानांमागचे दोन पांढरे ठिपके. तुमच्या बाईंना विचारा, असा वाघ काढता येईल का, दिसत नसलेला.

ओली_शाई

काका, गुरुवारी विचारलं. तुमचा प्रतिसाद जमेल तसा जपानीत करून सांगितला. बाईंनी गवत काढलं. खूप गवत, खालून वर, कोरड्या कुंचल्याने. मधे दोन जागा कोऱ्या सोडल्या. मग मला विचारलं, ठिपके एका ओळीत असतात की मान वळल्यावर तिरपे? मला सांगता आलं नाही. तुम्ही सांगा.

ताडोबाकर

वळून बघत असेल तर तिरपे. सरळ जात असेल तर एका ओळीत. ती सरळ गेली.

माळढोक

नोव्हेंबरात ओसाकाला कामानिमित्त येतोय, एक दिवस मोकळा आहे. कुशिमोतो जमेल का?

ओली_शाई

जमेल, पण पहाटे निघा. ओसाकाहून कुरोशिओ एक्स्प्रेसने तीन तासांहून थोडं जास्त लागतं, डाव्या बाजूने चढलात तरी समुद्र उजवीकडे आहे हे लक्षात ठेवून जागा घ्या. स्टेशनवरून देऊळ चालत दहा मिनिटं. मुख्य सभागृहात आता चित्रांच्या हुबेहूब प्रती बसवल्यात, अस्सल चित्रं शेजारच्या जतनगृहात ठेवली आहेत. पाऊस असेल तर दमटपणामुळे ते दार उघडत नाहीत, म्हणून आदल्या रात्री हवामान बघा. आणि वाघासमोर उभे राहू नका, जमिनीवर बसा. दारं बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीने काढलेली असतात.